ऑटोइम्यून आजार आणि लस: आधी औषधाचं नाव सांगा, मग आजाराचं

"मला ल्युपस आहे, लस चालेल का?" ल्युपससारख्या ऑटोइम्यून आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते आणि ती दाबायला औषधं दिली जातात. निदान नवं असताना जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न असाच विचारतो, आणि याला नीट उत्तर देता येत नाही. उत्तरासाठी लागणारी माहितीच त्यात नाही. तोच प्रश्न असा विचारून बघा: "आठवड्याला १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट आणि रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चालू आहे, आजार तीन महिने शांत आहे, न्यूमोनियाची लस घ्यायची आहे, कधी घेऊ?" आता डॉक्टर दोन मिनिटांत सांगतील. कोणतं औषध चालू आहे, लस जिवंत आहे की नाही आणि वेळ कोणती, या तीन गोष्टींवर जवळजवळ सगळा निर्णय ठरतो. आजाराचं नाव त्यांच्यामागून येतं. त्याला काही अपवाद आहेत, ते पुढे दिले आहेत.

पहिली पायरी: औषधांची यादी

एका कागदावर चार रकाने आखा: औषध, मात्रा, किती दिवसांपासून, शेवटचा डोस कधी. शेवटचा रकाना बहुतेकांच्या यादीत नसतो आणि नेमका तोच सगळ्यात जास्त लागतो. गोळ्या रोजच्या असतात म्हणून लक्षात राहतात, पण चार महिन्यांपूर्वी सलाइनमधून घेतलेलं रिटुक्सिमॅब लसीकरणाच्या टेबलावर कुणाला आठवत नाही. सांध्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन, शिरेतून दिलेलं इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं), मधेच आठवडाभर वाढवलेलं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) हे सगळं लिहा.

आता यादीकडे बघा. प्रतिकारशक्ती दाबणारं एकही औषध तिच्यात नसेल, तर तुमचा प्रश्न बराचसा सुटला. हाशिमोटो थायरॉइडसाठी थायरॉक्सिन, पहिल्या प्रकारच्या मधुमेहासाठी इन्सुलिन, कोडासाठी फक्त मलम, सिलिॲकसाठी (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार) फक्त पथ्य, यांपैकी काहीही प्रतिकारशक्ती दाबत नाही. अशा माणसाने बहुतांशी इतरांसारखंच वयानुसार वेळापत्रक पाळायचं. सिलिॲकमध्ये एवढंच, की हिपॅटायटिस बी ची लस काहींना कमी लागू पडते, म्हणून शेवटच्या डोसनंतर तपासणी करून घ्यावी.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासलाझिन ही औषधं आजारावर काम करतात, पण लसीच्या हिशेबात सौम्य धरली जातात. लसीसाठी ती थांबवायची गरज नसते.

मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, लेफ्लुनोमाइड आणि कमी मात्रेतलं स्टेरॉइड हा मधला गट. या गटात मात्रा महत्त्वाची: मेथोट्रेक्सेट आठवड्याला किलोमागे ०.४ मिलिग्रॅमपर्यंत आणि अझाथायोप्रिन रोज किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर दाब कमी समजतात. प्रेडनिसोलोनचा उंबरठा आहे रोज २० मिलिग्रॅम, तोही दोन आठवडे किंवा अधिक. तो ओलांडला की तुम्ही वरच्या गटात गेलात. मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फमाइड, टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं, टोफासिटिनिबसारख्या जॅक गोळ्या (पेशींमधले दाहाचे संदेश अडवणाऱ्या) आणि रिटुक्सिमॅब किंवा ऑक्रेलिझुमॅबसारखी बी पेशी संपवणारी औषधं वरच्या गटातच मोडतात.

दुसरी पायरी: लस जिवंत आहे का

काही लशींमध्ये रोगजंतू जिवंत, पण दुबळा करून घातलेला असतो. तो शरीरात थोडा वाढतो आणि त्यातून प्रतिकारशक्ती शिकते. प्रतिकारशक्ती दाबलेली असेल तर हा "थोडा" आवाक्याबाहेर जाऊ शकतो. बाकीच्या लशींमध्ये मेलेला जंतू, त्याचा तुकडा किंवा तो तुकडा बनवण्याची कृती असते. त्यांच्यापासून तो रोग होणं शक्यच नाही, औषध कितीही जड असलं तरी.

जिवंत लशी: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, बीसीजी (क्षयरोगाची), रोटाव्हायरस, तोंडातून देण्याचे पोलिओचे थेंब. जिवंत नसलेल्या: फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू), मेनिंगोकोकल (मेंदूज्वराचा जंतू), रेबीज, पोलिओचं इंजेक्शन, कोविडच्या एमआरएनए लशी.

गोंधळ होतो तो एकाच रोगाच्या दोन प्रकारच्या लशी असतात तिथे. फ्लूचं इंजेक्शन जिवंत नाही, पण नाकात मारायचा फवारा जिवंत आहे. टायफॉइडचं इंजेक्शन जिवंत नाही, कॅप्सूल जिवंत आहे. नागिणीची जुनी लस जिवंत होती, नवी दोन डोसांची लस जिवंत नाही. जपानी मेंदूज्वराच्या दोन्ही तऱ्हेच्या लशी वापरात आहेत. म्हणून "टायफॉइडची लस घेऊ का" असं न विचारता बाटलीवरचं पूर्ण नाव विचारा आणि ती जिवंत आहे का ते त्याच वेळी विचारून घ्या.

कच्चा नियम असा: जिवंत नसलेली लस जवळजवळ कुणालाही चालते, प्रश्न फक्त ती किती लागू पडेल एवढाच. जिवंत लस वरच्या गटातली औषधं चालू असताना घ्यायची नाही. मधल्या गटात तज्ज्ञ रोग आणि धोका बघून कधी कधी परवानगी देतात, पण ती त्यांनीच द्यायची.

तिसरी पायरी: धोक्याचा खरा हिशेब

भीती असते ती लसीमुळे आजार उचल खाईल याची. ही भीती वेडगळ नाही. लस प्रतिकारशक्तीला हलवते आणि तुमची प्रतिकारशक्ती आधीच भलत्या दिशेला धावते आहे. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघायला हवं. खरा संसर्ग प्रतिकारशक्तीला लसीपेक्षा कितीतरी जास्त ढवळतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (मेंदू आणि मज्जारज्जूचा ऑटोइम्यून आजार) सर्दीतापानंतर झटका येण्याचा धोका वाढतो हे जुनं निरीक्षण आहे. याउलट २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि फ्लूच्या लशींनंतर झटके वाढलेले दिसले नाहीत. कोविडच्या लशीनंतर सांध्यांचे आणि तत्सम आजार असलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांची नोंद एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीत झाली. त्यांच्यापैकी सुमारे ४ टक्क्यांमध्ये आजाराने उचल खाल्ली आणि औषध बदलण्याची वेळ दीड टक्क्याच्या आसपास लोकांवर आली. म्हणजे धोका शून्य नाही, पण जेवढा वाटतो तेवढाही नाही.

शिवाय संसर्ग झाला की बहुतेकदा मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक (टीएनएफ रोखणारी, रिटुक्सिमॅब अशी इंजेक्शनं) काही आठवडे थांबवावं लागतं. लस टाळून आजार शांत ठेवायला गेलेला माणूस न्यूमोनियाने दवाखान्यात पोचतो, औषध बंद होतं आणि मग आजार उसळतो तो त्या बंद औषधामुळे. हिशेबात हा भाग धरायचा राहून जातो.

कोणत्या लशी आधी घ्याव्यात? औषधं जड असलेल्यांसाठी आमचा क्रम: दरवर्षी फ्लू, मग न्यूमोकोकल, मग नागीण. जॅक गोळ्या घेणाऱ्यांना नागीण होण्याचा धोका साधारण दुप्पट असतो, तेव्हा त्यांनी नागिणीची लस वर आणावी. रिटुक्सिमॅब किंवा टीएनएफ रोखणारं औषध सुरू होणार असेल तर हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी सगळ्यात आधी, कारण शरीरात लपून बसलेला हा विषाणू या औषधांखाली पुन्हा जागा होऊ शकतो. तपासणीत आधीचा संसर्ग नाही असं दिसलं, तर लस.

डोस किती, याबाबत सर्वसाधारण वेळापत्रक तुम्हाला लागू पडेलच असं नाही. एचपीव्हीचे दोन डोस लहान वयात पुरतात, प्रतिकारशक्ती दाबलेली असेल तर वय काहीही असो, तीन: ०, १–२ आणि ६ महिने. नागिणीच्या नव्या लशीचे दोन डोस एरवी २ ते ६ महिन्यांच्या अंतराने देतात, तुम्हाला १ ते २ महिन्यांनी देता येतात, म्हणजे जड औषध सुरू होण्याआधी दोन्ही बसवता येतात. हिपॅटायटिस बी ०, १ आणि ६ महिने, आणि शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी अँटिबॉडी मोजायची. लिटरमागे १० युनिटांच्या खाली आली तर पुन्हा लस. फ्लू किंवा कोविडच्या लशीनंतर मात्र अशी मोजणी करून घेऊ नका. त्या आकड्यावरून तुम्ही सुरक्षित आहात की नाही हे ठरत नाही, नुसता जीव टांगणीला लागतो.

चौथी पायरी: वेळ बसवणं

सगळ्यात चांगली वेळ म्हणजे औषध सुरू होण्याआधीची. जिवंत नसलेली लस किमान २ आठवडे आधी, जिवंत लस किमान ४ आठवडे आधी. निदान झालं त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा: "औषध सुरू करण्याआधी कोणती लस उरकून घेऊ?" गोवर आणि कांजिण्या लहानपणी झाल्या होत्या का किंवा लस घेतली होती का हे आठवत नसेल, तर अँटिबॉडीची तपासणीही तेव्हाच करून घ्या, कारण ती दारं नंतर बंद होतात. पण एक गोष्ट उलटी करू नका. ल्युपसने मूत्रपिंड धरलं असेल, दृष्टी किंवा मेंदू धोक्यात असेल, तर लशीसाठी उपचार लांबवायचा नाही. लस मागाहून घेता येते.

औषध चालू झालेलं असेल तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

*मेथोट्रेक्सेट.* फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलं तर लस जास्त लागू पडते हे चाचण्यांत दिसलं आहे. म्हणजे लस घ्यायची आणि त्यानंतर येणारे दोन साप्ताहिक डोस सोडायचे. आजार शांत असेल तरच, आणि औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. तिसऱ्या आठवड्यात नेहमीची मात्रा, दुप्पट नाही. राहिलेले डोस भरून काढायला गेलेल्यांना तोंडात फोड आणि रक्तपेशी घसरणं असं भोगावं लागतं. न्यूमोकोकल, नागीण, हिपॅटायटिस बी या लशींसाठी मेथोट्रेक्सेट थांबवायची गरज धरत नाहीत. आणि डॉक्टरांशी बोलणं झालं नाही म्हणून फ्लूची लस पुढे ढकलत बसू नका. मेथोट्रेक्सेट चालू ठेवून घेतलेली लससुद्धा न घेतलेल्या लशीपेक्षा बरी.

*स्टेरॉइड.* २० मिलिग्रॅमपेक्षा कमी मात्रेवर जिवंत नसलेली कोणतीही लस घ्या. २० किंवा अधिक असेल तर फ्लूची लस तरीही घ्यावी, बाकीच्यांसाठी मात्रा उतरेपर्यंत थांबता येतं. लशीसाठी स्टेरॉइड एकाएकी बंद करणं ही जिवावरची चूक आहे. काही आठवडे गोळ्या घेतल्या की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं आखडतं घेतं, आणि अचानक तोडलं की रक्तदाब कोसळू शकतो.

*रिटुक्सिमॅब.* अँटिबॉडी बनवतात त्या बी पेशी, आणि हे औषध त्याच संपवतं. डोसनंतर लगेच घेतलेली लस अंगाला अपाय करत नाही, पण तिच्यातून हाती फारसं काही लागत नाही. म्हणून फ्लू सोडून बाकीच्या लशी पुढचा डोस येण्याच्या सुमारास घ्यायच्या, म्हणजे सहा महिन्यांचं चक्र असेल तर सहाव्या महिन्यात, आणि मग रिटुक्सिमॅबचा डोस किमान २ आठवडे पुढे सरकवायचा. काही तज्ज्ञ ४ आठवडे सांगतात. फ्लूची साथ मात्र तुमच्या चक्रासाठी थांबत नाही, तेव्हा फ्लूची लस मोसमात, आहे त्या स्थितीत.

*टीएनएफ रोखणारी आणि इतर इंजेक्शनं.* जिवंत नसलेल्या लशीसाठी ती सहसा थांबवावी लागत नाहीत. इंजेक्शन आणि लस एकाच दिवशी घेतली तर दोन्ही वेगवेगळ्या जागी टोचा, नाहीतर लाली कशामुळे आली ते कळत नाही.

*जिवंत लस घ्यायचीच असेल.* उदाहरणार्थ, आधी गोवराची लस झालेलीच नाही आणि साथ जवळ आली आहे. अशा वेळी मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट यांसारखी औषधं लशीच्या ४ आठवडे आधी थांबवतात, जॅक गोळ्या १ आठवडा आधी, टीएनएफची इंजेक्शनं एका डोसाच्या अंतराइतकी आधी, रिटुक्सिमॅब ६ महिने आधी. लशीनंतर सगळी ४ आठवडे बंद. म्हणजे औषधानुसार पाच आठवडे ते दोन महिने किंवा जास्त काळ आजार उघडा पडतो. म्हणूनच हा निर्णय तज्ज्ञाशिवाय घ्यायचा नाही. इम्युनोग्लोब्युलिन घेतलं असेल तर त्यातल्या तयार अँटिबॉडी गोवर आणि कांजिण्यांच्या लशीला निकामी करतात, म्हणून मात्रेनुसार ८ ते ११ महिने थांबावं लागतं. जिवंत नसलेल्या लशींना ही अट नाही.

वेगळे धरायचे अपवाद

गियाँ-बारे सिंड्रोम (मज्जातंतूंवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) फ्लूच्या किंवा धनुर्वाताच्या लशीनंतर ६ आठवड्यांत झाला असेल तर तीच लस पुन्हा घेण्याआधी न्यूरॉलॉजिस्टशी बोलणं आवश्यक. हा आजार इतर कारणाने झाला असेल तर तेवढ्यावरून लशी कायमच्या बंद होत नाहीत. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनंतर लाखामागे सुमारे एक जादा रुग्ण आढळला होता आणि ती भीती अजून रेंगाळते. त्यानंतरच्या फ्लूच्या लशींमध्ये जो जादा धोका दिसला, तो दहा लाखांमागे एक-दोन इतका.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकण्याचा आजार) असेल, थायमस ग्रंथीचा विकार असेल किंवा ती काढलेली असेल, तर पीतज्वराची लस वर्ज्य. प्रवासासाठी प्रमाणपत्र लागत असेल तर वैद्यकीय सवलतीचं पत्र घ्या, आणि तरीही पीतज्वराच्या पट्ट्यात जाणं टाळता येतं का ते बघा. पत्राने सीमा ओलांडता येते, डास थांबत नाहीत.

एकुलिझुमॅबसारखं कॉम्प्लिमेंट (रक्तातली जंतू मारणारी प्रथिनं) रोखणारं औषध सुरू होणार असेल तर उलटा नियम. मेनिंगोकोकलची लस किमान २ आठवडे आधी घ्यायलाच हवी. या औषधाखाली तो मेंदूज्वर होण्याचा धोका हजार पटींहून जास्त वाढतो.

प्लेटलेट कमी असतील किंवा वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल तर लस देणाऱ्याला आधी सांगा. २३ गेज किंवा त्याहून बारीक सुई वापरायची आणि टोचल्यावर न चोळता २ मिनिटं घट्ट दाबून धरायचं.

जिथे विचार करत बसायचं नाही

कुत्रा चावला तर रेबीजची लस घ्यायचीच, आजार उसळलेला असो की औषध कोणतंही असो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे हे आवर्जून सांगा, कारण तुम्हाला इम्युनोग्लोब्युलिन आणि जास्त डोस लागू शकतात. मोठी, मातीने माखलेली जखम आणि गेल्या सहा महिन्यांत रिटुक्सिमॅब, असं असेल तर धनुर्वाताच्या लशीबरोबर तयार अँटिबॉडीही मागा. गोवर किंवा कांजिण्या झालेल्या माणसाजवळ तुम्ही थांबला होतात आणि तुम्हाला संरक्षण नाही, तर पुरळ यायची वाट न बघता फोन करा. तयार अँटिबॉडी गोवरासाठी ६ दिवसांत आणि कांजिण्यांसाठी १० दिवसांत द्याव्या लागतात, जितक्या लवकर तितक्या चांगल्या.

लस घ्यायचा दिवस आणि पुढचा आठवडा

ताप असेल किंवा आजार नुकताच जोरात उसळला असेल तर घाई नसलेली लस थोडी पुढे ढकलता येते. पण आजार वर्षभर धुमसतच असेल तर "पूर्ण शांत झाल्यावर" असं म्हणत बसलात तर लस कधीच होणार नाही. सांधा ज्या बाजूचा जास्त दुखतो त्याच्या उलट दंडात घ्या. पुढचे दोन दिवस मोकळे ठेवा, विशेषतः नागिणीच्या नव्या लशीनंतर. तिच्यात प्रतिकारशक्तीला जोरात चेतवणारा घटक आहे आणि दुसऱ्या दिवशी अंग ठणकणं नेहमीचं. पॅरासिटामॉल आधीच घेऊन जाऊ नका, नंतर दुखलं तर घ्या. टोचल्यावर १५ मिनिटं तिथेच थांबा, पूर्वी कशाची तीव्र ॲलर्जी आली असेल तर ३०.

लशीच्या आदल्या आठवड्यात रोज दोन ओळी लिहा: सकाळचा ताठरपणा किती मिनिटं, दुखणारे सांधे किती, थकवा दहापैकी किती, पुरळ आहे का. लशीनंतर दोन आठवडे तेच लिहा. ही नोंद नसेल तर कोणतंही दुखणं लशीच्या नावावर जमा होतं. ताप, दंडाची सूज, सगळ्या अंगाचं दुखणं २४ ते ७२ तासांत ओसरलं तर ती लशीची नेहमीची प्रतिक्रिया. तुमचे ओळखीचे सांधे, ओळखीचं पुरळ, ओळखीचा ताठरपणा चौथ्या-पाचव्या दिवशीही वाढत असेल तर आजाराने उचल खाल्ली असावी. डॉक्टरांना वही दाखवा. मेथोट्रेक्सेटचे दोन डोस सोडले असतील तर तेही सांगा, कारण दोष कदाचित त्या सुटीचा असेल. पायांपासून वर चढणारी कमजोरी, चेहरा वाकडा होणं, दृष्टी धूसर होणं, छातीत दुखणं, लघवी लाल किंवा फेसाळ होणं, अंगावर जांभळे ठिपके यांपैकी काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

घरातली माणसं आणि तान्हं बाळ

तुम्हाला जी लस घेता येत नाही ती घरच्यांनी घेतली तर तुमच्याभोवती कुंपण तयार होतं. घरातल्या मुलांना गोवर आणि कांजिण्यांची लस देता येते. कांजिण्यांच्या लशीनंतर मुलाच्या अंगावर फोड आले तरच ते सुकेपर्यंत अंतर ठेवा. पोलिओचे थेंब मात्र घरात नकोत, मुलांसाठी इंजेक्शन मागा. रोटाव्हायरसची लस दिलेल्या बाळाचे लंगोट महिनाभर दुसऱ्या कुणी बदलावेत, किंवा बदलल्यावर साबणाने हात नीट धुवावेत.

गरोदरपणात टीएनएफ रोखणारं औषध चालू असेल तर त्यातली बरीचशी औषधं शेवटच्या तिमाहीत वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि जन्मानंतर काही महिने त्याच्या रक्तात राहतात. अशा एका बाळाला तीन महिन्यांचं असताना बीसीजी दिल्याने जीव गेल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. प्रसूतीआधीच बालरोगतज्ज्ञांना औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहून द्या. औषधानुसार बीसीजी ६ ते १२ महिने पुढे ढकलतात. बाळाच्या बाकीच्या, जिवंत नसलेल्या लशी वेळेवर द्यायच्या. बीसीजी प्रसूतिगृहातून निघण्याआधीच टोचली जाते, म्हणून ही चिठ्ठी बाळाच्या फायलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लावा आणि प्रसूतीच्या वेळी सोबत असणाऱ्या माणसालाही समजावून ठेवा.